ढगांचा वायदा

दारव्ह्याच्या मोहरील घराण्याच्या तीन पिढ्या कचेरीत गेल्या. आजोबा नाझर होते, वडील अव्वल कारकून, आणि थोरला भाऊ यवतमाळला कलेक्टर कचेरीत. जे कागदावर उतरले आणि ज्यावर शिक्का पडला तेवढेच जगात घडले, अशी त्या घराची शांत श्रद्धा होती. अशा घरात कुंदा जन्माला यावी आणि पाळण्यात असतानाच तिची दृष्टी छत सोडून खिडकीबाहेरच्या आभाळाकडे लागावी, यात विधात्याचा काही खोडकर हेतू असला पाहिजे.

कुंदाताई आता त्रेपन्न वर्षांच्या आहेत. गावातल्या कनिष्ठ महाविद्यालयात त्या मराठी शिकवतात आणि आडबाजूने, अभ्यासक्रमाला कळू न देता, संस्कृतही शिकवतात. विद्यार्थी वर्गात शिरण्याआधी एकदा आभाळ पाहून घेतात, ही तिथली जुनी परंपरा आहे. आभाळ निरभ्र असेल तर गृहपाठ तपासला जातो. ढग असतील तर बाई फळ्याकडे पाठ करून खिडकीशी उभ्या राहतात, काव्यातला निसर्ग समजावून सांगतात, आणि ज्याने गृहपाठ केलेला नसतो तो त्या दिवशी पर्जन्यदेवतेचा ऋणी होऊन घरी जातो.

त्यांचे सांगणे असे. आपल्या प्राचीन साहित्यशास्त्राने निसर्गाला उद्दीपन विभाव म्हटले आहे. मेघ, चांदणे, दक्षिणेचा वारा, कोकिळेचा स्वर हे सारे मनात आधीच असलेल्या भावाला फुंकर घालतात. निखारा मात्र आपला असावा लागतो. पुढे पश्चिमेकडचे स्वच्छंदतावादी कवी आले. त्यांनी फुंकर आणि निखारा यांतले अंतरच पुसून टाकले. त्यांच्या कवितेत वादळ होते ते कवीच्या उरात, आणि समुद्रावर दिसे ती त्याची केवळ छाया. "म्हणजे मुलांनो," बाई म्हणत, "आभाळ हे मनाचे दुसरे नाव आहे." मुले ते लिहून घेत. परीक्षेत त्याला हमखास चार गुण असत.

आता खरे सांगायचे तर कुंदाताईंपाशी तीस वर्षे उद्दीपनाची रेलचेल होती आणि आलंबनाचा पत्ता नव्हता. आलंबन म्हणजे ज्याच्या ठायी भाव जडावा ती व्यक्ती. ऐन वयात आईचे आजारपण आले, मग वडिलांचा पक्षाघात. स्थळे येत राहिली, अंगणात चहा घेऊन जात राहिली, आणि एके वर्षी यायची थांबली. कुंदाताईंनी त्याचा खेद मानला नाही. शास्त्रातल्या आठही नायिकांची लक्षणे त्यांना मुखोद्गत होती. मात्र त्यांपैकी एकही होण्याचा प्रसंग आपल्यावर येईल, असे त्यांच्या स्वप्नातही नव्हते.

तो प्रसंग वाचनालयात आला.

दारव्ह्याच्या सार्वजनिक वाचनालयाने गणेशोत्सवात कुंदाताईंचे व्याख्यान ठेवले. विषय होता 'ऋतू आणि मन'. व्याख्यान रंगले. शेवटी अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे "कुणाला काही विचारायचे?" असे विचारले आणि रिवाजाप्रमाणे उत्तराची वाट न पाहता ते आभाराकडे वळणार, तोच मागच्या रांगेतून एक उंच, उन्हाने रापलेले गृहस्थ उठले. गळ्यात दुपट्टा, पायांत काळ्या मातीच्या वहाणा.

"मॅडम, नमस्कार. श्रीकृष्ण इंगोले. शेती करतो. बीए मराठीच आहो, पण त्याले आता लय दिवस झाले." सभागृह हसले. "तुमी म्हणता आभाळ म्हणजे आपलं मन. पटलं. पण एकाच दिवशी एका घरी लगन असन अन् बाजूच्या घरी मयत असन, त आभाळानं काय करावं?"

सभागृह पुन्हा हसले, पण कुंदाताई हसल्या नाहीत. इतक्या वर्षांत असा प्रश्न कुणी केला नव्हता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. चष्म्यातून ते गृहस्थ अधिकच स्पष्ट दिसू लागले, याने त्यांची पंचाईत वाढली.

"याचं उत्तर," त्या म्हणाल्या, "मला शोधावं लागेल."

"शोधा ना. मी दर बाजाराले येतो वाचनालयात."

आणि ते खरोखरच येऊ लागले. श्रीकृष्ण इंगोले यांचे गाव दिग्रसच्या रस्त्यावर. पत्नी जाऊन अकरा वर्षे झालेली, मुलगी सासरी, घरी एकटेच. बाजाराच्या दिवशी पिशवीत मेथी आणि काखेत कादंबरी घेऊन ते वाचनालयात येत, आणि त्या दिवशी कुंदाताईंना तिथे काही ना काही पाहायचे असे. उत्तर सापडत नव्हते, म्हणून भेटी लांबत होत्या. भेटी लांबाव्यात म्हणून उत्तर सापडत नव्हते, असे कुंदाताईंची भाची गुंजन म्हणे. ही गुंजन म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची मुलगी. ती दारव्ह्याच्या एका बँकेत नोकरीला आहे आणि आत्याकडेच राहते.

"आत्या, वाचनालयाला जाताना अत्तर कशाला लागतं गं?"

"जुन्या पुस्तकांना कुबट वास येतो."

"मग पुस्तकांना लाव ना!"

आश्विनाच्या अखेरीस, एका बाजाराच्या दिवशी, श्रीकृष्णरावांनी सीताफळांची टोपली कुंदाताईंसमोर टेबलावर ठेवली आणि उभ्याउभ्याच बोलून टाकले.

"मॅडम, मी सरळ माणूस आहो. मले तुमच्यासंग लगन करायचं हाये. तुमी नाही म्हणसान तरी सीताफळं घेऊन जा. तुमच्यासाठीच आणले."

वर्तमानपत्र वाचणाऱ्या दोन वृद्धांनी पान उलटायचे थांबवले. कुंदाताईंच्या कानांत सनई, चौघडा, शंख आणि शाळेची घंटा असे सारे एकदमच वाजू लागले. होकार जिभेच्या टोकावर आलाही होता. परंतु तीस वर्षांचे अध्यापन त्याला आडवे आले. जो क्षण आयुष्यात एकदाच येणार, तो असा उघड्याबोडक्या, कोरड्या दुपारी, वर्तमानपत्रांच्या साक्षीने उरकून टाकायचा? त्याला काही पार्श्वभूमी नको? त्यांनी खिडकीतून पाहिले. आभाळ धुतलेल्या ताटासारखे स्वच्छ. एक ढग नाही.

"ज्या दिवशी आभाळ भरून येईल," कुंदाताई म्हणाल्या, आणि स्वतःच्याच वाक्याच्या सौंदर्याने त्यांचे डोळे पाणावले, "त्या दिवशी मी उत्तर देईन."

एवढे बोलून त्यांनी टोपली उचलली आणि त्या निघाल्या. श्रीकृष्णरावांच्या चेहऱ्यावर काय उमटले ते पाहण्यास त्या थांबल्या नाहीत. थांबल्या असत्या तर ही कथा इथेच संपली असती.

कार्तिक उजाडला. वऱ्हाडचा कार्तिक म्हणजे आभाळाची परमावधी. निळे, उंच, निष्कलंक! कुंदाताई पहाटे उठून गच्चीवर जात, चारी दिशा न्याहाळत आणि समाधानाने खाली येत. ढग नव्हता, म्हणजेच प्रतीक्षा होती, म्हणजेच त्या विरहोत्कंठिता होत्या. एवढ्या उशिरा का होईना, आठांतली एक नायिका त्यांच्या वाट्याला आली होती, आणि त्यांनी ती मनापासून साजरी केली. वर्गात त्यांनी विप्रलंभ शृंगार अशा काही तन्मयतेने शिकवला की मागच्या बाकावरच्या एका मुलाने आपल्या मैत्रिणीशी उगाचच भांडण काढले.

पुढच्या बाजाराला श्रीकृष्णराव वाचनालयात आले नाहीत. त्याच्या पुढच्यालाही नाहीत. कुंदाताईंनी मनोमन त्यांना शाबासकी दिली. केवढी ही रसिकता! मेघ येईपर्यंत भेटायचे नाही, हा संकेत न सांगता कळला!

"आत्या," गुंजन एकदा जेवताना म्हणाली, "विरहात माणूस वाळतं म्हणतात. तुझी ही तिसरी भाकरी आहे."

"विरह दोन प्रकारचा असतो."

"कळलं. एक उपाशी आणि एक ठेचा लावून."

"गुंजन!"

"अगं, पण फोन कर ना त्यांना. काहून एवढी वाट पाहून राह्यली?" गुंजन चिडवायची झाली की मुद्दाम वऱ्हाडीत शिरे. "माझ्या मोबाइलवर बघ, पंधरा दिवस नुसता सूर्य दाखवून राह्यला. पिवळे पिवळे गोळे. तुझे ढग आता मृग नक्षत्रातच यायचे!"

कुंदाताई हसल्या. यंत्राला काय ठाऊक?

आणि यंत्राला खरोखरच ठाऊक नव्हते. मार्गशीर्षात, एका रविवारी, कुंदाताई गच्चीवर गेल्या आणि पायरीवरच थबकल्या. दूर अरबी समुद्रात कुठे काही बिघडले असावे. पश्चिमेचे क्षितिज जांभळे होते. त्यावर राखी, त्यावर काजळी, थरावर थर. हवेत ओलसर गारवा. शेजारच्या लिंबावर कावळे विनाकारण भांडत होते. पाहता पाहता सूर्य झाकला गेला आणि दारव्ह्यावर मंद, गूढ, रुपेरी अंधार पसरला.

"गुंजन! गुंजन, ऊठ! आले!"

"कोण? पाहुणे?"

"मेघ!"

अर्ध्या तासात कुंदाताई पोपटी साडीत होत्या. गुंजनने त्यांच्या केसांत शेवंती माळली आणि "आत्या, आता तू कोणती नायिका?" असे विचारले. कुंदाताई लाजल्या. प्रियकराला भेटायला जी स्वतः निघते तिला शास्त्रात अभिसारिका म्हणतात. ती अंधाऱ्या मेघांच्या आडोशाने, नूपुर हातात धरून, विजेच्या प्रकाशात वाट शोधत जाते. कुंदाताई छत्री हातात धरून बसस्थानकाजवळच्या काळीपिवळीत बसल्या. मागच्या बाकावर चौथ्या.

जीप भरलेली होती, पण कुणी बोलत नव्हते. चालक नेमसिंग एरवी गाणी लावतो. आज तीही बंद. शेजारी पांढऱ्या मिशांचे एक म्हातारबुवा काठीवर हनुवटी टेकून बाहेर पाहत होते. कुंदाताईंना वाटले, या साऱ्यांच्या अंतःकरणांतही मेघाने काही जागवले असावे. त्यांना राहवेना.

"काय सुंदर आभाळ आलं आहे, नाही?"

नेमसिंगने आरशातून मागे पाहिले.

"बाई, तुमच्या कापसाचा इमा काढेल हाय काय?"

"छे! माझा कुठला कापूस!"

"मंगच," नेमसिंग म्हणाला आणि त्याने गिअर असा बदलला की चौघांचीही डोकी टपाला लागली.

म्हातारबुवांनी काठीवरून हनुवटी उचलली. स्वरात राग नव्हता, उपदेशही नव्हता. होता तो नुसता थकवा. "कापूस बोंडातून बाहीर लोंबून राह्यला, बाई. वेचला थो उघड्यावर पडला हाय. तूर फुलावर हाय. अशात पानी आलं त कापूस पिवया पडते अन् तुरीवर अळी. या दिवसांत आभाय भरून यावं असं ज्याले वाटन ना, थो माणूस नाई, वैरी समजा."

वैरी!

कुंदाताईंच्या हातातली छत्री पायांवर पडली. आश्विनातली ती दुपार एखाद्या विजेच्या लखलखाटात दिसावी तशी त्यांना दिसली: टेबल, टोपली, मातीच्या वहाणा, आणि आपले ते सुंदर वाक्य. कापसाचा शेतकरी हात जोडून विचारतो आहे, आणि आपण त्याला सांगतो आहोत की ज्या दिवशी तुझ्या पिकावर संकट येईल त्या दिवशी मी बोलेन. याला कोण होकाराची नांदी म्हणेल? आणि इतके बाजार ते आले नाहीत ते रसिकतेने? अरेरे! तीस वर्षे मुलांना चार गुणांसाठी शिकवलेली ओळ आता त्यांच्या छातीवर येऊन बसली. आभाळ मनाचे दुसरे नाव खरेच. पण कुणाच्या मनाचे, हे त्यांनी कधी विचारलेच नव्हते. एक माणूस विचारून गेला होता. त्याला त्यांनी ढग दाखवले होते.

"नेमसिंगभाऊ, जरा जोरात चालवता का?"

"आता काहून? आभाय सुंदर हाय म्हणता ना, पाहात चला."

"भाऊ, माझं फार मोठं नुकसान व्हायची वेळ आहे."

"पण तुमचा त कापूस नाई..."

"कापसापेक्षा मोठं!"

नेमसिंगने पुन्हा आरशात पाहिले. पोपटी साडी, शेवंती, आणि डोळ्यांत आलेले पाणी. तो बंजाऱ्यांच्या तांड्यात वाढलेला, चार बहिणींचा भाऊ. त्याने काही न विचारता जीप अशी सोडली की म्हातारबुवांची काठी शेजारणीच्या पिशवीत गेली.

श्रीकृष्णरावांच्या वावराशी त्या उतरल्या तेव्हा वारा सुटला होता. पांढऱ्याशुभ्र बोंडांनी लगडलेल्या ओळींतून दहा-बारा बाया कमरेला कापडाच्या ओट्या बांधून झपाझप वेचत होत्या. दोन्ही हात चालत होते, तोंडे मात्र बंद. वावराच्या बांधावर, धुऱ्यावर, एक काटक, सावळी म्हातारी उभी राहून सगळ्यांना हाकारत होती. ही मथुराबाई. श्रीकृष्णरावांच्या वडिलांच्या काळापासून या वावरातली वेचणी तिच्याच शब्दाने चालते. तिने कुंदाताईंना शेवंतीपासून चपलांपर्यंत पाहिले.

"ह्याच काय त्या ढगवाल्या बाई?"

"मी... मी कुंदा मोहरील."

"मंग थ्याच. बावा रे, काय करून ठेवलं तुमी आमच्या पोराचं! जेवाले बसला की आभायाकडे पायते. ढग नाई दिसला त कापसाले बरं झालं म्हणते, अन् घास खाली ठेवून देते. येखादा पुंजका दिसला त भेते, अन् भेता भेता हासते. आमाले वाटलं भानामती झाली. मंग येक दिवस बोलला. म्या म्हटलं, बयताडा, कापसाच्या दिवसांत ढगाचा वायदा करते थे बाई नाई म्हणून राह्यली. शिकेल लोकायची नाई म्हणाची रीत असते थे."

"नाही हो मथुराबाई! तशी रीत नाही!"

"मंग काय हाय?"

"मूर्खपणा," कुंदाताई म्हणाल्या. संस्कृतात याला याहून चांगला शब्द असेल, पण त्या क्षणी आठवला नाही.

मथुराबाईचा चेहरा किंचित सैल झाला. "मूर्ख असान त चालते," ती म्हणाली. "तिकडे हाय पाहा गंजीपाशी."

वावराच्या मधोमध वेचलेल्या कापसाची गंजी होती, पुरुषभर उंच, आणि तिच्यावर श्रीकृष्णराव निळी ताडपत्री ओढत होते. वारा ती त्यांच्या हातून हिसकावत होता. एक कोपरा धरला की तीन उडत. कुंदाताई कापसाच्या पऱ्हाट्यांतून धडपडत निघाल्या. साडीला बोंडांचे काटे लागत होते, शेवंती कधीच ओघळली होती. श्रीकृष्णरावांनी त्यांना पाहिले. त्यांचा चेहरा आधी उजळला आणि मग, आभाळाकडे दृष्टी जाताच, विझला.

"या मॅडम. आज बसा म्हणाले येळ नाही." त्यांनी ताडपत्रीचा कोपरा गुडघ्याखाली दाबला. "उत्तर द्याले आल्या असान. आभाळ आलं ना. देऊन टाका. दोन्ही नुकसान एकाच दिवशी होऊन जाऊ द्या."

"मी हो म्हणायला आले आहे!"

वाऱ्याने शब्द उचलून तुरीत फेकले.

"काय?"

"हो! लग्न! मला तुमच्याशी लग्न करायचं आहे! आजच नाही, तेव्हाच करायचं होतं! टोपली घेतली तेव्हाच!"

कापसाच्या ओळींतून एकेक डोके वर आले. जवळची बाई पुढच्या बाईला म्हणाली, "हो म्हणते." पुढची तिच्या पुढचीला म्हणाली. होकार त्या शुभ्र ओळींतून, हातोहात, धुऱ्यापर्यंत गेला, आणि तिथून मथुराबाईचा आवाज आला, "काय म्हणते वं?" आणि अवघ्या वावराने एकमुखाने उत्तर दिले, "होऽऽ म्हणते!"

श्रीकृष्णरावांनी दोन्ही हात कानांशी नेले, ऐकले ते खरे की काय हे पाहायला. आणि ताडपत्री सुटली.

ती एखाद्या पुराणातल्या गरुडासारखी उठली. एकदा गिरकी घेतली, सूर्य नव्हताच तो पुन्हा झाकला, आणि वावरावरून निघाली. मग त्या ठिकाणी जे झाले त्याचे वर्णन करायला नऊ रस अपुरे आहेत. "धरा रे!" मथुराबाई ओरडली. बाया ओट्या सांभाळत धावल्या. श्रीकृष्णराव धावले. कनिष्ठ महाविद्यालयाच्या ज्येष्ठ अध्यापिका कुंदा मोहरील, एम.ए., पोपटी साडी गुडघ्यापर्यंत खोचून धावल्या. त्रेपन्न वर्षांत धावल्या नव्हत्या इतक्या धावल्या, धावता धावता हसल्या, हसता हसता पडल्या, आणि पडल्या त्या नेमक्या ताडपत्रीच्या कोपऱ्यावर.

"सापडली!" त्या मातीतूनच ओरडल्या. "सापडली! मी बसलेय हिच्यावर!"

"बसूनच राहा, मॅडम! हालू नका!"

चार थेंब पडले, टपोरे, तेव्हा गंजी झाकून झाली होती. दोरी ताणून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले होते, आणि बाया, मालक, कुंदाताई, सारे वावरातल्या खोपटात दाटीवाटीने बसून धापा टाकत होते. मथुराबाईने चहा ठेवला. बोंडांच्या टोकांनी कुंदाताईंची बोटे ओरखडली होती. श्रीकृष्णराव त्या बोटांकडे पाहत होते.

"मला क्षमा करा," कुंदाताई हळू आवाजात म्हणाल्या. "तुमच्या कापसावर मी ढग मागितले. मला सुचलंच नाही हो. रोज गच्चीवर जाऊन मागितले."

श्रीकृष्णरावांनी दुपट्ट्याने चेहरा पुसला. बराच वेळ पुसला.

"मीबी मागतले," ते म्हणाले.

"तुम्ही?"

"हाव. दिवसा म्हणो, देवा, आभाळ साफ ठेव. अन् झोपाच्या येळेस म्हणो, येक दिवस येऊ दे बावा. येकच दिवस. वावराचा मालक असून कापसाच्या दिवसांत ढग मागणारा मी येकटाच असन अख्ख्या तालुक्यात. अन् तुमी नाही म्हणणार आहा हे मथुराबाईनं पटवून देल्लं होतं, तरीबी मागतले. बाजाराले येनं बंद केलं थे लाजेनं."

"आता माह्यावर नोको ढकलू," मथुराबाई चहा गाळत म्हणाली. "म्या त पीक वाचवाले म्हटलं."

साऱ्या बाया खदखदल्या. कुंदाताईंचे हसू आणि रडू एकाच दारातून निघू पाहत होते आणि कुणीच मागे सरायला तयार नव्हते.

ढग थांबले नाहीत. वाऱ्याने त्यांना पूर्वेकडे लोटले आणि वावरावर पिवळसर उजेड पडला. श्रीकृष्णरावांनी उठून पाहिले, आणि खिशातून फोन काढून आधी मारेगावला लावला. तिथे त्यांच्या बहिणीचा कापूस होता. "हालो! ताई, आभाळ तुमच्याकडे येऊन राह्यलं. गंजी झाक पहिले. हो, पहिले झाक, मंग येक गोष्ट सांगतो." फोन बंद करीपर्यंत त्यांच्या कपाळावरची आठी गेली नव्हती. कुंदाताई ती आठी पाहत राहिल्या. आतापर्यंत पाहिलेल्या कुठल्याही मेघापेक्षा ती त्यांना जवळची वाटली.

"आता तारीख," मथुराबाई म्हणाली. "बाई, तुमाले कोनता ऋतू पायजे? आताच बोला. मांगून वायदे नोको."

"तुम्हाला कोणता सोयीचा?"

"आता कापूस हाय. मंग तूर. मंग हरभरा, सोंगणी, मळणी. वावर रिकामं होते वैशाखात. तवाच आमचे लगनं होते."

वैशाख! कुंदाताईंनी अवघे ज्ञात वाङ्मय मनातल्या मनात चाळले. वसंतात मीलन आहे, वर्षेत विरह आहे, शरदात अभिसार आहे, हेमंतात आलिंगन आहे, शिशिरात उबेचे निमित्त आहे. ग्रीष्मात तहान आहे, वणवे आहेत आणि सावली शोधणारी जनावरे आहेत. पंचांग वैशाखाला वसंतात बसवते, पण यवतमाळ जिल्ह्याचा वैशाख म्हणजे ग्रीष्मच! दुपारी पक्षी उडत नाहीत, डांबर चपलेला चिकटते. तिथे कुठल्या कवीने कुणाचे मन जुळवले असेल?

"चालेल," कुंदाताई म्हणाल्या.

"बम ऊन असते, मॅडम," श्रीकृष्णराव काळजीने म्हणाले.

"असू द्या की!"

गेल्या वैशाखात ते लग्न झाले. यवतमाळला नोंदणी करून मंडळी कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला आली. देवाचा गाभारा जमिनीच्या पोटात. पायऱ्या उतरून खाली गेले की गारवा. वऱ्हाडी तिथून हलायलाच तयार होईनात. कुंदाताईंच्या थोरल्या भावाने लग्नाला संमती द्यायला पौष घालवला होता. तोही आता, खांबाला टेकून, वर जाण्याची घाई नसल्याचे सर्वांना सांगत होता. शेवटी पुजाऱ्याच्या आग्रहाने सारे वर आले आणि पांढऱ्या, थरथरत्या उन्हात येताच पांगून एका लिंबाच्या तोकड्या सावलीत गोळा झाले. मथुराबाईने पदर डोक्यावर ओढला. गुंजनने ओढणी दुहेरी केली.

कुंदाताई उन्हातच उभ्या होत्या. हिरवा शालू, कपाळावर घाम, मुंडावळ्यांच्या सावल्या गालांवर.

"काय सुंदर ऊन पडलं आहे!" त्या म्हणाल्या.

लिंबाखाली एकमेकांकडे पाहणे झाले.

"कुंदाला ऊन लागलं," भाऊ घाबरून म्हणाला. "अरे, कैरीचं पन्हं आणा कुणी! कांदा आणा!"

"तिला ऊन नाही लागलं, बाबा," गुंजन म्हणाली. "आत्या, ए आत्या! सावलीत ये ना!"

"आले गं," कुंदाताई म्हणाल्या, आणि हलल्या नाहीत. श्रीकृष्णरावांनी एकदा आभाळाकडे पाहिले. ढग नव्हता, आणि वावर नांगरून मोकळे पडले होते. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून कुंदाताईंच्या डोक्यावर धरला आणि तेही, सावलीत जाण्याचे नाव न काढता, तिथेच उभे राहिले.